कोंबड्याची माफी

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण एकदा पाच मिनिटांसाठी मी फादर झालो होतो.

ऐंशीच्या दशकात ठाण्याला आमच्या चाळीत पोस्टातले एक कारकून राहत. छत्री कायम काखेत आणि तोंडी एकच वाक्य, "आज्ञा म्हणजे आज्ञा!" फादर "बसा" म्हणाल्याशिवाय ते चर्चमधल्या बाकावर टेकत नसत.

एका दुपारी मी चर्चमधल्या पापनिवेदनाच्या लाकडी कपाटात, जिथे जाळीआडून लोक फादरांना आपली पापं सांगतात, तिथे फादरांच्या जागी बसून, निखळलेली बिजागरी ठोकत होतो. जाळीपलीकडे या कारकुनांनी येऊन गुडघे टेकले. "फादर, मी शेजारणीच्या कोंबड्याला चप्पल फेकून मारली."

मला हसू आवरेना. आवाज जाड करून म्हणालो, "बाळा, रोज सकाळी त्याची माफी माग."

दुसऱ्या दिवसापासून ते छत्री बाजूला ठेवून कोंबड्यापुढे वाकू लागले. "सॉरी हं, साहेब." तापातही त्यांनी खाडा केला नाही. एक सकाळ चुकली तर आत्म्याचं तारण हुकेल, ही धास्ती. नाताळात शेजारणीने तो कोंबडा शिजवला, तर हे त्याच्या पिल्लापुढे वाकले.

"अहो, तो नाही हा!" शेजारीण ओरडली.

"कधीपर्यंत मागायची, ते फादरांनी सांगितलेलं नाही, बाई."

कोंबड्यांची तिसरी पिढी आरवू लागली, तेव्हा मी खरं सांगायला गेलो. पण माझा पडलेला चेहरा पाहून, मी काही सांगायच्या आतच, त्यांनीच मला कोंबड्यापुढे उभं केलं. "तुम्हीपण मागून टाका. फार हलकं वाटतं हो."

मी वाकलो आणि कोंबड्याची माफी मागितली. त्यांची मागायची होती, ती राहिलीच.