पंचाहत्तर इंची कुंकू

नरसम्मा. वय बावन्न. राहणार विडी घरकुल, सोलापूर. अक्षय्य तृतीयेनंतरचा दुसरा मंगळवार, दुपारी सव्वाबारा. शहरातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये, सहा नोकर आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत तिचा अपमान झाला.

आमच्या पत्रकाची सुरुवात मी अशीच केली होती. नाव, वय, वार, वेळ. रडगाणं नको, आधी कोण आणि कधी ते लिही, असं मला पत्रकं लिहायला शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं. पण त्या पत्रकात मी दोन गोष्टी गाळल्या. नरसम्मा माझी आई आहे. आणि त्या सहा नोकरांतली एक मी होते. तिसरीही एक गोष्ट आहे. ती पुढं येईल.

त्या दुपारी मी निळ्या टी-शर्टात मिक्सरच्या मांडणीपाशी उभी होते. गळ्यात ओळखपत्र. एसी बंद. विजेचं बिल कमी करा, असा वरून हुकूम आला होता. बाहेर वैशाखाचं सोलापुरी ऊन, आत भट्टी. मांडणीवरचे निम्मे खोके रिकामे. आतला माल कधीच परत गेला होता, खोके तेवढे ठेवले होते, दुकान भरलेलं दिसावं म्हणून. रोज सकाळी ते रिकामे खोके पुसायचं काम माझ्याकडं.

अम्मा आत आली. दारातच तिनं चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. फरशी चकचकीत होती म्हणून काढल्या. हातात पिशवी, पिशवीत वॉरंटीचं कार्ड. तिनं मला बघितलं आणि नजर काढून घेतली. अनोळखी माणसावरून काढतात तशी. माझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून हे तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. मला सांगितलंही नव्हतं.

मॅनेजर दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला. आमचं नातं त्याला ठाऊक नव्हतं.

ती सोफ्याच्या कडेला टेकली.

"मावशी, उठा. सोफा गिऱ्हाइकांसाठी आहे."

"मी बी गिऱ्हाईकच हाय की, साहेब. दिवाळीला फ्रीज घेतलाय हितनंच."

"उभं राहून सांगा."

तिनं उभं राहून सांगितलं. फ्रीज आठ दिवसांपासून थंड करत नाही. मिस्त्री येऊन गेला. नंबर दिसत नाही म्हणून वॉरंटीत बसत नाही म्हणाला.

इथं थांबून फ्रीजचं सांगायला हवं.

अम्मानं पस्तीस वर्षं विड्या वळल्या. लग्नाच्या आधीपासून. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखूच्या धुळीत बसायचं नाही. मग तिनं इडली-डोशाचं पीठ करून विकायला सुरुवात केली. आमच्या घरकुलात तेलुगू घरं भरपूर, सगळ्या बाया विड्या वळणाऱ्या, डाळ-तांदूळ भिजवायला, वाटायला सवड कुणाला आहे? पीठ खपू लागलं. पण पिठाला फ्रीज लागतो. सोलापूरच्या उन्हात पीठ बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत आंबून भांड्याबाहेर येतं. फ्रीज चालला तर पीठ चालणार. पीठ बंद पडलं तर पुन्हा मांडीवर सूप. इतकं सरळ होतं.

तो फ्रीज मीच तिला विकला. माझ्याच दुकानातून. वर वाढीव वॉरंटीही मीच गळ्यात मारली. "अम्मा, घे. तीन वर्षं बघायला नको." आम्हाला महिन्याला अमुक इतक्या वॉरंट्या विकाव्याच लागायच्या. मी आईपासून सुरुवात केली. मग गल्लीभर विकल्या.

फ्रीज घरी आला. नारळ फुटला. हळद-कुंकू कुठं लावायचं, हा प्रश्न अम्माला पडलाच नाही. नान्ना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर होते. त्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची आणि कुंकू लागायचं ते नंबराच्या पट्टीवर. कारण माग नंबरानं ओळखला जातो. नान्ना म्हणायचे, नंबर म्हणजे मागाचं कपाळ. तर अम्मानं फ्रीजचं कपाळ शोधलं. दार उघडलं की आत डाव्या बाजूला एक कागद चिकटवलेला, त्यावर नंबर. तिथं तिनं ओली हळद लावली, त्यावर कुंकू. दर शुक्रवारी ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावलं. सहा महिन्यांत कागद पिवळा झाला, अक्षरं गेली.

लोखंडी पट्टीवर कुंकू लावलं तर काही होत नाही. हा कागद होता. एवढीच चूक.

मिस्त्री भला माणूस होता. फोटो काढताना म्हणाला, "अम्मा, मैं क्या करूं, नंबर नै दिखता तो ऊपर से रिजेक्ट होता. पन तुम दुकान में जाव. उन लोगां के कंप्यूटर में नंबर रहता."

म्हणून ती आली होती, मिस्त्री काय म्हणाला ते मला न सांगताच.

आता मंगळवारी सव्वाबारा वाजता काय झालं ते. मॅनेजरनं मिस्त्रीनं पाठवलेला फोटो मोबाइलवर उघडला. हसला. मग मागं वळून त्यानं तो भिंतीवरच्या टीव्हीवर टाकला. पंचाहत्तर इंची टीव्ही. दुकानातला सगळ्यात मोठा. हळदीनं पिवळा पडलेला कागद, मधोमध कुंकवाचा ओघळलेला टिळा, आणि टिळ्याच्या आजूबाजूला दोन-तीन आकडे. भिंतभर.

"बघा रे. आपण फ्रीज विकला, यांनी देव बसवला."

टीव्ही बघायला आलेली एक जोडी वळली. वॉशिंग मशीनजवळचे काका वळले. एका तरुणानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

अम्मा म्हणाली, "आमच्या मागाला असंच लावतेत, साहेब. नंबरावरच लावतेत."

"मग आता नंबर देवालाच विचारा. हात जोडा, चालू होईल."

सगळे हसले.

मीही हसले.

ही ती तिसरी गोष्ट. पत्रकात नव्हती. घाबरून हसले म्हणा, सवयीनं हसले म्हणा. मॅनेजर हसला की हसायचं, हे अंगात मुरलं होतं. कारण काहीही सांगता येईल. माझे दात दिसले आणि ते अम्मानं बघितले.

आणि मला ठाऊक होतं. ते बिल मी स्वतःच्या हातानं केलं होतं. त्या फ्रीजचा नंबर बिलावर होता. माझ्यापासून सात पावलांवर जो संगणक होता, त्यात होता. अम्माचा मोबाइल नंबर टाकला असता तर बिल उघडलं असतं. मॅनेजरलाही ठाऊक होतं. कार्डावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत एक अट होती, नंबर वाचता आला नाही तर वॉरंटी नाही. त्या अटीआड तो उभा होता, आणि त्याच्या हसण्याआड मी.

अम्मानं कार्ड पिशवीत ठेवलं. तिला दार सापडेना. रिकाम्या खोक्यांच्या भिंती सगळीकडं सारख्याच. ती माझ्यासमोर आली.

"म्याडम, भायेर जायचं दार कुनीकडं हाय?"

मी हात केला. तिकडं.

सुटी झाल्यावर घरी गेले तर अम्मा उंबऱ्यात बसली होती. माळ्यावरचं सूप खाली आलं होतं. कात्रीला तेल लावलं होतं. पानं भिजत घातली होती. पातेल्यातलं फसफसलेलं पीठ शेजारच्या शेळीपुढं ठेवलं होतं, आणि शेळीही ते हुंगून बाजूला झाली होती.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पोनी."

तेलुगूत पोनी म्हणजे जाऊ दे. आमच्या घरात हा शब्द मिठासारखा वापरतात. कारखाना बंद पडला, पोनी. नान्नांची बोटं मागात गेली, पोनी.

"अम्मा, मी हसले."

"व्हय. बघितलं की. हसलीस म्हनून ऱ्हायली नोकरी. न्हायतर तू बी घरी, फ्रीज बी घरी."

टोमणा नव्हता तो. ती खरंच हिशेबानं बोलत होती. मला टोमणा चालला असता.

मग ती पानं कातरायला लागली. पाचव्या पानाला खोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं आम्हा सहा जणांना उभं केलं. महिनाअखेर दुकान बंद. कंपनीला परवडत नाही. लोक इथं येऊन माल बघतात, आमचा वेळ खातात आणि मोबाइलवरून मागवतात. "पण शेवटच्या दिवसापर्यंत वाढीव वॉरंटी विकायची. एकही गिऱ्हाईक सोडायचं नाही. आणि बंद होण्याचं बाहेर बोलायचं नाही."

मी विचारलं, "सर, दुकान नसल्यावर ती वॉरंटी कोण बघणार?"

"तुला काय करायचंय? तू विक."

मोठी दुकानं मोबाइलनं मारली म्हणतात. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी आतून बघितलंय. माणूस मोबाइल सोडून दुकानात का येतो? उद्या काही झालं तर तोंड असलेलं कुणीतरी समोर असावं म्हणून. शहराच्या जुन्या पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे मामा होते. त्यांच्या दुकानात उभं राहायलाही जागा नव्हती, पण बिघडलेली वस्तू घेऊन गेलं की ते आधी वस्तू हातात घ्यायचे, मग कुणाची म्हणून विचारायचे. ह्या मोठ्या दुकानांनी मामांना उठवलं, सोफे टाकले, आणि त्या सोफ्यावर बिघडलेल्या वस्तूवाल्याला बसू दिलं नाही. मग लोकांनी मोबाइलवर मागवलं तर दोष कुणाचा? तिथं निदान कुणी तोंडावर हसत तरी नाही.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या, मोहोळहून. लेकीच्या लग्नात द्यायला वॉशिंग मशीन बघायला. माझ्याच वाट्याला आल्या. मशीन पसंत पडलं. मॅनेजर दोन हातांच्या अंतरावर उभा. मला डोळ्यांनी खूण केली, वॉरंटी.

त्यांनीच विचारलं, "बाळा, ते जास्तीची वारंटी म्हनतेत, ते घ्यावं का गं?"

मी म्हणाले, "घेऊ नका, मावशी. दुकान महिनाअखेर बंद होतंय. मशीन घ्या, पण बिलावर मशीनचा नंबर आहे का बघूनच घ्या. आणि ते बिल जपून ठेवा."

मॅनेजर जवळ आला. "काय बोललीस?"

"खरं बोलले. आणि काल तुम्ही जिला टीव्हीवर टाकलं, तिच्या फ्रीजचा नंबर ह्या संगणकात आहे. काढून द्या."

"ती बाई तुझी कोण लागते?"

"आई."

तो म्हणाला, "मग कालच सांगायचं ना."

ह्या वाक्याचा मला अजून राग येतो. कालच सांगितलं असतं तर फोटो टीव्हीवर गेला नसता. म्हणजे नोकराची आई असेल तर माणूस. नुसतं गिऱ्हाईक असेल तर तमाशा.

ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. टी-शर्ट कंपनीचा आहे, तो पण दे म्हणाला. तो धुऊन पाठवला.

घरी येऊन अम्माच्या फ्रीजचं बिल शोधलं. देवळीत, व्यंकटेशाच्या तसबिरीमागं, घडी करून ठेवलेलं. नंबर ठळक छापलेला. अम्माला वाचता येत नव्हता, आणि जिला वाचता येत होता ती मिक्सरपाशी उभी राहून हसली होती.

मग मी गल्लीत फिरले. ज्या ज्या घरी मी वॉरंटी विकली होती, त्या घरी. शिव्या खाल्ल्या. खायलाच हव्या होत्या. एका मावशीनं विचारलं, "आता कशाला आलीस, गॅसची शेगडी बी विकायला?" मी म्हणाले, बिल दाखवा. तक्रार कशी करायची ते शिकवणारे लोक शहरात होते, त्यांच्याकडं जाऊन बसले. तिथंच पत्रक लिहायला शिकले. ग्राहक आयोगात अर्ज करायला वकील लागतोच असं नाही, हेही तिथंच कळलं. तीन वर्षं दुकानात काम करून मला हे ठाऊक नव्हतं. कुणी ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

शोरूमचं शटर आता खाली आहे. नोटीस गेली ती परत आली. आम्ही दुसरी काढली, फ्रीज बनवणाऱ्या कंपनीला आणि वॉरंटीवाल्या कंपनीला. त्यांचं उत्तर आलंय. बिलावरचा नंबर चालत नाही म्हणतात, तरी फ्रीज दुरुस्त करू म्हणतात, मेहेरबानी म्हणून. आणि दुकानात असा काही प्रकार घडल्याची नोंद नाही म्हणतात. कुणाचाही अपमान झाला नाही म्हणतात. त्याखाली अम्मानं सही करायची. मग मिस्त्री पाठवणार.

मी अम्माला वाचून दाखवलं. ती विडी वळत होती. मला वाटलं, आता पोनी म्हणणार. हातातली विडी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "सही न्हाय करनार. टीव्हीवर टाकलं की मला."

तर फ्रीज अजून बंद आहे. अम्मा अजून खोकते. सुनावणी पुढं आहे. माझी साक्ष मी लिहून दिली आहे, माझ्या हसण्यासकट. पण ती कामावरून गेलेल्या लेकीची साक्ष. ते म्हणतील, रागानं बोलते.

उरली चार गिऱ्हाइकं. टीव्ही बघायला आलेली जोडी. वॉशिंग मशीनजवळचे काका. आणि शूटिंग करणारा तो. तुम्ही सोलापूरचेच आहात. मराठी वाचता. हे तुमच्या हातात पडेल म्हणूनच मी लिहिलंय. तुम्ही हसलात, मीही हसले, त्याचं मला तुमच्याशी भांडण नाही. मोबाइलमधलं ते शूटिंग शोधा. पुसू नका. सुनावणीच्या दिवशी आयोगात या आणि एवढंच सांगा, की हो, आम्ही तिथं होतो, आम्ही बघितलं.

आणि त्या दिवशी तुम्ही तिथं नव्हता, तरी कुठल्या तरी दुकानात कुणाला तरी उभं करून हसताना तुम्ही बघितलंच असेल. त्या माणसाला शोधा. त्याच्यासोबत जा. साक्ष द्या.