होडीवरची थाप

सकाळी धरणातून पाणी सोडतात आणि कुंडलिका नदी बघता बघता भरते. काठालगतच्या उथळ पाण्यात मी कयाकमध्ये, म्हणजे एकट्या माणसाच्या त्या अरुंद होडीत, बसले होते. समोरच्या दगडावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत होता. पाणी चढेल तसा तो वर सरकत होता. दगड बुडाला तेव्हा तो सहज उडून गेला. मी मात्र अजून काठ सोडला नव्हता.

होडी उलटली की आपण तिच्यातच बसलेले, डोकं पाण्यात; तेव्हा पाण्याखालूनच वर आलेल्या तिच्या बुडावर थापा मारायच्या. मग सोबतचा माणूस आपली होडी आणून भिडवतो आणि तिला धरून आपण वर येतो. इथला हा पहिला धडा. दीड वर्षापूर्वी माझी होडी उलटली, तेव्हा मी थाप मारली नाही. हट्टानं एकटीच सरळ व्हायला गेले आणि खांदा निखळला. मदत मागायची लाज पाण्याखालीसुद्धा सुटत नाही. खांदा केव्हाच बरा झाला, पण नाकातोंडात शिरलेलं ते पाणी अजून ओसरलेलं नाही.

"निघायचं ना ताई?" मला शिकवणाऱ्या दामूदादांनी त्यांच्या होडीतून विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ठक ठक ऐकू आलं. खाली पाहिलं तर माझाच हात होडीवर थापा मारत होता. होडी सरळ होती, मी कोरडी होते.

दामूदादा हसले नाहीत. त्यांनी आपल्या होडीचं टोक आणून माझ्या होडीला टेकवलं. मी ते घट्ट धरलं.

दीड वर्ष उशिरा का होईना, मी थाप मारली होती.