जाऊन राह्यली

कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच कळतं. महिन्यापूर्वी तसं एक कार्ड दारातून आत पडलं. अक्षर सुनीताचं, यमुनाबाईंच्या मुलीचं. 'आई परवा गेली. तुमची आठवण काढायची.' इतकंच. मी कार्ड उपडं ठेवलं आणि मेथी निवडायला बसले. रडू आलं नाही. आली ती लाज... आणि अजून ती जायला तयार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

यमुनाबाई सावली तालुक्यातल्या एका धानाच्या गावात अंगणवाडी चालवायच्या. मी पुण्याहून मुख्यसेविका म्हणून गेले होते, म्हणजे अशा वीसेक अंगणवाड्यांवर देखरेख करायला. वय तेवीस, खांद्याला शबनम पिशवी, आणि आपण बोलतो तेच मराठी असा ठाम समज. अंगणवाडी भरे ती बाईंच्या घरापुढच्या छपरीतच. सकाळी लहान मुलं आणि दुपारी शाळा सुटलेल्या मोठ्या मुली. हा दुपारचा वर्ग कुठल्याही सरकारी कागदात नव्हता, बाईंनी तो आपल्या मनानंच सुरू केला होता. कापड बेतणं, अर्ज लिहिणं, दवाखान्यात डॉक्टरांशी न घाबरता बोलणं, असं काहीबाही तिथं चाले. पोरगी यमुनाबाईंच्या छपरीत आहे म्हटलं की आया निश्चिंत असत.

शेवंता त्यातलीच, सोळा-सतरा वर्षांची. आरमोरीला मुलींसाठी सहा महिन्यांचं शिवणाचं प्रशिक्षण सुरू होणार होतं, राहून शिकायचं, आणि आमच्या भागाला एकच जागा मिळाली होती. शेवंताच्या बापानं तिचं लग्न एका बिजवराशी ठरवत आणलं होतं. यमुनाबाई आठ-दहा वेळा त्याच्या अंगणात जाऊन बसल्या, तेव्हा कुठं तो म्हणाला, "पोरगी आरमोरीले गेली त थांबतो. नाई गेली, त या उन्हाळ्यात लगन." हे सगळं बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी शेवंताच्या अर्जावर तिची सही घ्यायला गेले. बाई चुलीपुढे मुलांसाठी सुकडी भाजत होत्या. धुरानं डोळे पुसत म्हणाल्या, "शेवंता? मोहर्लीले मामाकडं जाऊन राह्यली जी."

जाऊन राहिली. मामाकडे जाऊन तिथंच राहिली, असा मी अर्थ घेतला. एवढी खटपट करून मुलगी गाव सोडून गेली, याचा मला रागच आला. पुढे एक शब्द न विचारता मी तिच्या नावावर लाल रेघ मारली, शेजारी 'गाव सोडले' असं लिहिलं आणि जागा दुसऱ्या गावच्या मुलीला दिली. शेवंता तेव्हा रस्त्यावरच्या निंबाखाली एस.टी.ची वाट बघत उभी होती. दोन दिवसांसाठी मामाकडे निघाली होती. माझी जीप तिच्यासमोरूनच गेली असणार.

दहा दिवसांनी यमुनाबाई ऑफिसात आल्या. सोबत शेवंता, तिच्या हातात नवी पत्र्याची पेटी. "बाई, पोरीचं नाव काटलं काऊन?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत ना, जाऊन राहिली म्हणून." आमचे क्लार्क भाऊ आधी हसले, मग त्यांचं लक्ष शेवंताच्या पेटीकडे गेलं. "मॅडम, 'जाऊन राह्यली' म्हणजे जात आहे. आपल्याइकडं असंच बोलतेत." आरमोरीचा वर्ग सुरू झालेला होता. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले, काय भानगड आहे म्हणून. आणि मी... मी पटकन बोलून गेले, "सेविकेनं चुकीची माहिती दिली, सर."

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "हो साहेब. माह्याच बोलण्यात चुकलं."

त्यांना ताकीद मिळाली, लेखी. शेवंताचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी साहेबांना खरं सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. उलट पुढच्या मासिक बैठकीत सगळ्या सेविकांना शहाणपणा शिकवला: कार्यालयाशी बोलताना शुद्ध भाषेत बोलत जा, म्हणजे घोटाळे होणार नाहीत. यमुनाबाई पहिल्या रांगेत बसून ते वहीत उतरवून घेत होत्या.

आणि त्यांनी ते पाळलं. इतर सेविकांनी हसण्यावारी नेलं, यमुनाबाईंनी नाही. मी छपरीत पाय ठेवला की त्यांचं भरभर बोलणं अडखळायला लागे. "लेकरं येऊन रा... येत आहेत." "सुकडी भाजून... भाजत आहे." टोमणा असता तर मला सोसलं असतं. त्या खरोखरच काळजीनं बोलत होत्या, आपल्या तोंडून आणखी कुणा पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून.

दोन वर्षांनी शेवंता तिथंच भेटली. माहेरपणाला आली होती, कडेवर मूल. "जयभीम बाई," म्हणाली. मी तिच्या मुलाचं वजन केलं, तक्त्यावर टिंब काढलं आणि मान वर केली नाही.

बदली झाल्यावर यमुनाबाई मला फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. एस.टी. लांबून दिसायला लागली तेव्हा माझं तोंड उघडलं. "त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही का असं म्हणालात?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही नव्या होत्या. तुमच्या आधीच्या बाई दोन महिन्यात पळून गेल्या. तुम्ही बी गेल्या असत्या, त आमच्या लेकरायकडं पाहाले कोण येते?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "शेवंताचं दुःख मले... मला आहे." त्या क्षणीसुद्धा त्यांनी तो शब्द सुधारला. मी माफी मागायला हवी होती. मी पिशवी उचलली आणि गाडीत चढले.

त्यानंतर वर्षातून दोन-तीन कार्डं यायची. शेवटचं तीन महिन्यांपूर्वीचं, टेबलाच्या खणात आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची खबर आहे, दुपारच्या वर्गातली एक मुलगी नर्सिंगला लागल्याचं आहे, आणि खाली आजारपणाची एकच ओळ. 'आता बरी होऊन राह्यली' असं आधी लिहिलंय. मग 'होऊन राह्यली'वर एक सरळ रेघ मारून, वर बारीक अक्षरात 'होत आहे'.

परवा मी खोडरबर घेऊन ती रेघ पुसून पाहिली. शाईची आहे, जात नाही. कार्ड मात्र तिथं पातळ झालंय.