थोआस नावाचे सगळे

सिंगापूरमधला वुडलँड्सचा फ्लॅट सोडताना मुलीचं ग्रीक पुराणकथांचं जुनं पुस्तक हाती आलं आणि बाबा गेल्यानंतरची ती दुपार आठवली. "थोआस नावाचे कितीतरी आहेत. एक राजा, एक योद्धा, एक राक्षस," लेक वाचता वाचता शेवटी इथला 'लाह' जोडत म्हणाली, "एकाला हाक मारली तर सगळेच येतील, लाह!" आई वाती वळत होती. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं, म्हणून त्यांचंच नाव ठेवलेल्या माझ्या मुलालाही ती 'बाळ'च म्हणायची. तिनं वात खाली ठेवली, बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि मोठ्यानं त्या नावानं हाक मारली. आतून मुलगा धावत आला. तिनं त्याला घट्ट कवटाळलं. आजीनं आपल्याला एकदाच नावानं हाक मारली होती, असं तो आजही कौतुकानं सांगतो, आणि ती हाक खरं तर कुणाला होती, हे मी त्याला सांगत नाही.