चार दगड ठेवले की झालं

लोकहो, आज दुपारी वेल्डर माप घ्यायला आल्ता. ओट्यावर घराला जोडून पत्र्याचं शेड टाकायचंय. नगरपालिकेत परवानगीसाठी दिलेला नकाशा मी त्याच्यापुढं ठेवला. इंजिनिअरनं सांगितले त्याच्या दुप्पट, पत्रा आवळून धरणारे हुक मी त्यात दाखवायला लावलेत.

वेल्डर हसला. "दादा, एवढे हुक कशाला? वरून चार दगड ठेवले की झालं. पत्रा बिलकुल हलत न्हाई."

गावाकडं, धावड्याला, आमच्या घरावरही दगडच होते. बाबा खालून सांगायचे, मी वर चढून ठेवायचो. एकदा ते म्हणले, "मोठा बघून ठेव." मी सगळ्यात मोठा ठेवला.

त्याच उन्हाळ्यात वावधान सुटलं, सोसाट्याचा वारा. पत्रा उचकटला आणि तो दगड खाली झोपलेल्या माझ्या धाकट्या बहिणीवर पडला. ती वाचली न्हाई.

हे वेल्डरला कसं सांगू? तेवढ्यात आई दारात आली. "दगड नको," एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तिनं दगडाचं नाव पहिल्यांदा काढलं. माझ्याकडं मात्र बघितलं न्हाई.

तुमच्या पत्र्यावर दगड आहेत का? त्याच्याखाली कोण झोपतं?