परतीचा हात

तिला सगळे थोरलीच म्हणत. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी म्हातारी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, पण तीसुद्धा "ए थोरले, वाफ कमी कर गं" असंच म्हणायची. धाकटीची थोरली, एवढीच तिची ओळख. धाकटीला मात्र लोक लांबून लांबून शोधत यायचे, कारण धाकटीच्या अंगात यायचं.

आठवड्याचे सहा दिवस थोरली एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात रोलरसमोर उभी असायची. ओली चादर अलीकडून घालायची, कडक कोरडी पलीकडून निघायची. पंचवीस वर्षांत दोन्ही मनगटांवर वाफेचे पांढुरके चट्टे उठले होते. सातव्या दिवशी ती डफ वाजवायची. मागच्या खोलीतलं कपाट सरकवून जागा केली जाई. कुणी आजारी माणसाला हाताला धरून आणी, कुणी हरवलेल्या माणसाचा फोटो. थोरली कोपऱ्यात स्टुलावर बसून डफावर हात टाकी आणि धाकटी उभी राही. पाचेक मिनिटांत तिचे डोळे वर जात, मान सैल पडे, आणि मग ती जे काही नाचे ते बघताना बसलेली माणसं श्वास घ्यायला विसरत. निघताना ती माणसं धाकटीचे हात धरून रडत. थोरलीला विचारत, "बाई, आमच्या छत्र्या कुठं ठेवल्यात?"

आपल्याला याचं काही वाटत नाही, असं थोरली म्हणायची.

हे काम आईकडून आलेलं. आईनंच ते दोघींत वाटून दिलं होतं. "पाठवणारे ढीगभर मिळतात," आई म्हणायची, "डबा बडवला तरी जाणारी जाते. आणणारी लागते." जाण्याचा हात वेगळा, परतीचा हात वेगळा. परतीच्या हाताला डोळे मिटून चालत नाही. नाचणारीच्या टाचांवर नजर ठेवायची आणि प्रत्येक थाप पावलाच्या किंचित मागं टाकायची, इतकी किंचित की पावलाला वाटावं, आपलीच घाई होतेय. पाऊल जरा दमानं पडतं. मग थाप आणखी मागं. असं वीस-पंचवीस मिनिटं. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या की संपलं. धाकटी पाणी मागायची, आणि घोट गिळायच्या आधी म्हणायची, "किती वेळ लावलास गं, पाय मोडले माझे."

आता सहा आठवडे झाले, धाकटीनं पाणी मागितलं नव्हतं.

कलाकार बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं थोरलीनं तिला बरंच ऐकवलं. ती पहिल्यांदा आली तेव्हा कॅमेरा न आणता आली, चार रविवार गुपचूप मागं बसून राहिली. मग तिनं समजावलं: मोठा अंधारा हॉल, चारही भिंतींवर चित्रं, खालून आवाज; बघणारा मधोमध उभा आणि नाच त्याच्या चहूबाजूंनी. धाकटीला गंमत वाटली. एका रिकाम्या गोदामात तीन दिवस काम चाललं. धाकटीच्या मनगटांना, घोट्यांना, मानेला बटणांसारखी यंत्रं चिकटवली होती. अंग जरा कापलं की संगणकाच्या पडद्यावर उजेडाची रेघ उमटे. धाकटीचा नवरा गाडी चालवतो, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. तो म्हणाला, "बरं झालं ताई. हिच्या अंगात येतं ते कुठल्या कंपनीचं आहे, तेही कळेल आता." त्यावर सगळ्यात जास्त धाकटीच हसली होती.

तिसऱ्या दिवशी ती चाळीस मिनिटं नाचली. कलाकार बाईनं डोळे पुसत हात वर केला, "झालं. मिळालं." बटणं काढली गेली. धाकटी गादीवर झोपली, तशीच झोपलेली गाडीत घातली, घरी आणली. दुसऱ्या दिवशी उठून ती कॉटच्या काठावर बसली, ती बसलीच. चमचा तोंडाशी धरला तर गिळायची. हात धरला तर चालायची. बोलणं नाही, ओळख नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं चांगलं निघालं. ते म्हणाले, धक्का बसलाय. कसला ते तुम्ही सांगा.

थोरलीनं सांगितलं. डॉक्टरांना, ड्रायव्हरला, शेजारणीला, लाँड्रीतल्या म्हातारीला, सगळ्यांना एकच: "त्यांनी मला परतीचा हात वाजवूच दिला नाही. मशिनं बंद केली आणि उठा म्हणाले."

रोज कामावरून आली की ती डफ घेऊन कॉटसमोर बसायची आणि परतीचा हात वाजवायची. पण मागं कुणाच्या राहायचं? धाकटीचे पाय कॉटवरून नुसते लोंबत असायचे. थाप पडायची आणि पडून राहायची. खालच्या मजल्यावरचा माणूस झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर म्हणाला होता, त्याचा ठेका तुमच्यापेक्षा बरा आहे ताई. नंतर त्यानं असलं काही बोलायचं सोडलं. सहाव्या आठवड्यात तो म्हणाला, "सोमवारी तिला मनोरुग्णालयात नेतो. कागद झालेत. मला गाडीवर जावं लागतं, तुम्हाला कामावर. किती दिवस शेजारणीच्या जिवावर काढायचे?"

"सोमवारपर्यंत थांबा," थोरली म्हणाली.

"सोमवारपर्यंत थांबलोच आहे."

आणि त्याच आठवड्यात प्रदर्शन उघडलं. थोरलीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पाय इथं नाहीत, पाय तिथं आहेत. तिथं धाकटी अजून नाचतेय, दिवसभर, भिंतीवर. त्या नाचाच्या शेवटी परतीचा हात जोडला तर? शुक्रवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हॉलमध्ये शिरताच तिच्या तळपायांना आपलाच डफ लागला. आवाज खरोखरच जमिनीतून येत होता. धाकटी छताएवढी होती, चारही बाजूंना. तिच्या हातापायांतून उजेडाच्या रेघा निघून छतावर विणल्या जात होत्या. माणसं उशांवर आडवी होऊन बघत होती. एक बाई रुमाल तोंडावर धरून रडत होती. अकरा मिनिटं झाली की नाच पुन्हा सुरू व्हायचा, मधे पापणी लवण्याएवढीही जागा न ठेवता. थोरली तीन फेऱ्या उभी राहिली. ती फक्त टाचा बघत होती. टाचा टेकत नव्हत्या.

कलाकार बाईनं तिला पाहिलं आणि धावत येऊन हात धरले. धाकटीची चौकशी केली. आणखी चांगल्या डॉक्टरांचं नाव काढलं. थोरलीनं हात सोडवून घेतले आणि आपली मागणी सांगितली.

"ताई," बाई हळूच म्हणाली, "ती परत येत नाही, हाच तर या कामाचा मुद्दा आहे. बघणाऱ्यालाही परत जावंसं वाटत नाही."

"तुमचा मुद्दा माझ्या घरी कॉटवर बसलाय," थोरली म्हणाली. "मी त्याला चमच्यानं भरवते."

बाईचा चेहरा पडला. मग थोरलीनं मनात साठलेलं सगळं काढलं: तुम्ही आलात, गोड बोललात, बटणं लावलीत, हवं ते घेतलंत आणि मला माझं काम करू दिलं नाहीत, विहिरीत उतरवलंत आणि दोर कापलात. आजूबाजूचे लोक माना वळवून बघायला लागले. बहुतेकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. बाई एवढंच म्हणाली, "मला तो दिवस असा आठवत नाही, ताई. पण मीच चुकत असेन. मूळ रेकॉर्डिंग वर आहे. त्यात परतीचं काही असेल तर मी आजच जोडायला सांगते."

वरच्या खोलीत संकलक होता. पन्नाशीचा, जाड भिंगांचा, संगणकाच्या चार पडद्यांमध्ये अडकलेला माणूस. बाई खाली पाहुण्यांकडे गेली. त्यानं थोरलीला खुर्ची दिली आणि तिसऱ्या दिवसाचा आवाज काढला. पडद्यावर काळी जाड रेघ होती, तिच्यावर काटे. हा तुमचा डफ, तो म्हणाला. काटे दाट होत गेले, मग संपले, पुढं सपाट.

"इथं बाई 'झालं' म्हणाल्या," तो म्हणाला. "पण माईक चालूच होते. साउंडवाल्याची सवय असते, शेवटपर्यंत बंद करत नाही. ऐकायचंय?"

खुर्च्या सरकल्याचा आवाज. कुणीतरी हसलं. मग कलाकार बाईचा आवाज, अगदी स्वच्छ: "ताई, तुमचं ते शेवटचं असतं ना? करून घ्या. आम्ही थांबतो."

मग एका पुरुषाचा आवाज. साउंडवाला. "ताई, एक मिनिट. असं वाजवताना मी कुणाला ऐकलं नाही हो आजवर. हे कानाला लावा, ऐका तरी तुम्ही काय केलंय ते."

आणि मग तिचा स्वतःचा आवाज. थोरलीला तो ओळखू यायला वेळ लागला, कारण त्यात लाज होती आणि खूप आनंद होता. "माझं? मलाच?" मग थोडं थांबून, "मी आलेच. तिला पडू दे जरा, पाणी द्या कुणीतरी."

पुढं सपाट रेघ होती. संकलकानं ती पुढं ढकलली. सतरा मिनिटांनी पुन्हा तिचाच आवाज: "अजून एकदा लावता?" आणि कितीतरी नंतर, "अगंबाई, झोपली वाटतं ही. म्हणजे आलीच ती."

संकलकानं पडदा थांबवला. त्याला सगळं कळलं नसावं, पण काहीतरी फुटलंय एवढं कळलं. त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "पहिल्या दिवसाचे ठोके आहेत. ते ओढून, संथ करून शेवटी जोडता येतील. पावलंही संथ करता येतात. कुणाला कळणार नाही."

"तिला कळेल," थोरली म्हणाली.

ती जिना उतरून हॉलमध्ये न जाता मागच्या दारानं रस्त्यावर आली. तीस वर्षं ती लोकांच्या छत्र्या सांभाळत होती. त्या दिवशी गोदामात कुणीतरी कानांवर दोन मऊ वाट्या ठेवल्या, आणि त्यांत ती होती. फक्त ती. तिची बोटं, तिची थाप, थाप सुटल्यावर कातड्यात उरणारा घुमारा. धाकटी दहा हातांवर गादीवर पडली होती आणि थोरलीला त्या वेळी, खरं सांगायचं तर, बहीण आहे हेच आठवलं नव्हतं. झोप म्हणजे परत येणं नव्हे, हे आईनं दोघींना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ते आठवायला नको म्हणून तर सहा आठवडे ती दुसरं सांगत सुटली होती, आणि सांगून सांगून तिला ते खरं वाटायला लागलं होतं.

घरी ड्रायव्हर सोमवारची बॅग भरत होता. दोन गाऊन, टॉवेल, कंगवा. "झालं का जोडून?" त्यानं मान वर न करता विचारलं. डफ खुंटीला होता, थोरलीनं त्याला हात लावला नाही. कॉटसमोर फरशीवर ती मांडी घालून बसली. धाकटीचे पाय तिच्या तोंडासमोर लोंबत होते. टाचांना भेगा पडल्या होत्या. तिनं त्या दोन्ही टाचा हातांत धरल्या आणि इतक्या हळू बोलली की तिच्या तिलाच नीट ऐकू आलं नाही.

"त्यांनी मला अडवलं नव्हतं गं. करून घ्या म्हणाले होते. मी माझाच डफ ऐकत बसले. तू तिकडं होतीस आणि मी ऐकत बसले. एकदा ऐकून झालं तरी परत लावायला लावलं."

काही झालं नाही. खालच्या मजल्यावर टीव्ही चालू होता. मग थोरलीच्या हातांतल्या टाचा हलल्या. धाकटीनं पाय ओढून घेतले. आधी एक, मग दुसरा. कॉटवर घेतले, आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. थोरलीकडे आता तिची नुसती पाठ होती.

बॅगेवरचा ड्रायव्हरचा हात तिथंच राहिला. "ताई," तो म्हणाला, "ती हलली. आपणहून हलली ती. सहा आठवड्यांत पहिल्यांदा." तो कॉटपाशी येऊन गुडघ्यांवर बसला. "काय म्हणालात तुम्ही तिला? परत म्हणा. तेच म्हणा."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं सहा आठवडे तिच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या कलाकार बाईला शिव्या घातल्या होत्या.

"म्हणा ना ताई. ऐकतेय ती."

थोरलीनं बहिणीच्या पाठीकडे बघत पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मोठ्यानं, त्यालाही ऐकू जाईल असं.