ताई इथंच राहते

आज सकाळी आमच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात शाडू भिजवला, ओल्या मातीचा वास नाकात गेला आणि तेवढ्यात कॅनडाहून ताईचा फोन! ती आता तिथली नागरिक झालीय. म्हणजे आमच्या गावी जोह्याला, स्वतःच्या घरी गणपतीला यायचं तर तिला व्हिसा लागणार! त्या फॉर्मवर भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहायचं असतं, तिथं तिनं माझं टाकलंय. ओळखीची! मी हसले आणि परत मातीत हात घातले.

त्या वासात मी एकदम आठ वर्षांची झाले. ताईच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार कारखान्यात आले होते. बाबा चहा सांगायला पळाले. ताई एका मूर्तीचे डोळे आखत होती, मध्येच हात थांबवता येईना. मग हवालदारांनी मलाच विचारलं, “काय गो, तुझी ताई इथंच राहते ना?”

मला वाटलं, हाच चान्स! ती इथलीच आहे म्हटलं की हे तिला बाहेर सोडणारच नाहीत. मी ओरडून सांगितलं, “व्हय! जल्मापासून इथंच राहते! कुठं पन जात नाय ती!”

“झालं मग काम,” म्हणत त्यांनी कागदावर लिहून घेतलं. पासपोर्ट द्यायला त्यांना नेमकं तेवढंच हवं होतं, हे मला कुठं माहीत!

ताईनं ब्रश ठेवला, मला उचलून गरागरा फिरवलं. तिच्या बोटांचा काळा रंग माझ्या फ्रॉकला लागला. केवढी हसत होती ती! मला वाटलं, राहणार म्हणून हसतेय.